नऊच्या घरातला हातचा

दुसरा भोंगा वाजला आणि नदीकाठच्या आळीतला एकही माणूस जागचा हलला नाही. शेळीसुद्धा नाही.

"बघितलंसा काका?" पाण्याच्या टाकीखालच्या चहाच्या गाड्यावर उभा असलेला हणमंत लोंढे म्हणाला. हा नगरपालिकेचा वायरमन. गावच्या भोंग्याचं बटण वीस वर्षं यानंच दाबलं होतं. आमच्या कंपनीचं आपोआप भोंगा वाजवणारं यंत्र टाकीवर बसलं, तेव्हापासून हा नुसता बघ्या झाला होता आणि ते त्यानं आम्हाला माफ केलेलं नव्हतं. "पयल्या गुरुवारी समदी पळाली. दुसऱ्या गुरुवारी निम्मी. आज हातातला च्या बी कुणी खाली ठिवला न्हाई."

"किती वेळानं वाजला?" मी विचारलं.

"सांजच्याला सातचा सातला. दुसरा त्येच्यावर एक मिन्टं वीस सेकंदांनी. तिन्ही गुरुवारी त्योच हिशेब. घड्याळ लावून बसतोय की मी. दुसरं काम ठिवलंय कुठं तुम्ही मला?"

गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून माझे पाहुणे आहेत. पण तिथला रिवाज असा की एक भोंगा म्हणजे वेळ: सकाळी सात, साडेआठ, दुपारी बारा, संध्याकाळी सात. आणि पाठोपाठ दोन भोंगे म्हणजे धरणाचं पाणी सोडलं, असाल तसे वर पळा. पहिल्या गुरुवारी नदीकाठची आळी खरंच असेल तशी पळाली होती. एका गृहस्थांनी गडबडीत बायको समजून शेजारणीचा हात धरला आणि थेट हायस्कूलच्या टेकडीवर जाऊन मगच मागं पाहिलं. ती दोघं अजून टेकडीवरच राहतात म्हणतात, पण ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी शोध लावला की गुरुवार दत्ताचा, तेव्हा दुसरा भोंगा दत्तमहाराजच वाजवतात. टाकीच्या खांबाला हार पडला. आणि तिसऱ्या गुरुवारी, म्हणजे त्या दिवशी, लोक नुसते हात जोडून पुन्हा चहाला लागले.

ऑगस्ट महिना होता. धरण भरत आलं होतं. त्या दिवशी पाणी खरोखर सुटलं असतं, तर ती सगळी माणसं हात जोडूनच बसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरगुप्पेसाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या घटिका कंट्रोल्सचे मालक. आम्ही दोघं म्हणजे मी, दिगंबर कुंभोजकर, तेव्हा बावन्न वर्षांचा, अख्ख्या औद्योगिक वसाहतीत दिगूकाका म्हणून ओळखला जाणारा. आणि उज्ज्वला मगदूम, तेवीस वर्षांची, कॉलेजातून थेट आमच्याकडे आलेली. तिचा सहा महिन्यांचा उमेदवारीचा काळ बरोबर पुढच्या शुक्रवारी संपत होता.

"भोंग्याचा प्रोग्राम कुणी लिहिला?" साहेबांना माहीत होतं, तरी विचारलं.

"मी," उज्ज्वला म्हणाली.

"मग?"

"साहेब, मी तो चार वेळा ओळ न् ओळ वाचलाय. भोंगा दुसऱ्यांदा वाजावा असं त्यात काहीच नाही."

"आणि वाजतोय तो?"

"तेच कळत नाही."

"मग पाचव्यांदा वाच. ऐंशी सेकंदांनी तुझा प्रोग्राम परत हाक मारतोय, हे लोंढ्याला कळतं आणि तुला कळत नाही?" साहेब माझ्याकडे वळले. "काका, तुमचा कंपायलर?"

"साहेब, त्यात चूक निघाली तर कृष्णा उलटी वाहील."

"ऐकलंस?" साहेब तिला म्हणाले. "पुढच्या गुरुवारी पुन्हा दोन वाजले, तर शुक्रवारचं कायम केल्याचं पत्र विसरायचं. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना मला कुणाचं तरी नाव द्यावं लागेल."

बाहेर आल्यावर ती जिन्यात थांबली. "काका, इथून असला शिक्का घेऊन बाहेर पडले, तर या वसाहतीत मला दारात तरी उभं कोण करणार? इनमीन चार कंपन्या. चौघांचा चहा एकाच टपरीवर."

"निघेल काहीतरी," मी म्हणालो. तोंडानं म्हणालो. पाय मात्र तेव्हापासूनच एका जागी ठरेनात.

आता कंपायलर म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा नेहमीसारखा काहीबाही फेकतोय. कंपायलर म्हणजे दुभाषा. माणूस प्रोग्राम लिहितो तो आपल्या सोयीच्या भाषेत. चिपला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दुभाष्याचं पुढचं अंग माणसाचं ऐकतं, मागचं अंग चिपशी बोलतं. आमची जुनी चिप बाजारातून गेली आणि नवी आली ती इतकी बापडी की भागाकार राहू द्या, तिला हातच्याची वजाबाकीसुद्धा येत नव्हती. तिच्यासाठी तयार दुभाषा कुणाकडेच नव्हता. मग मी इंटरनेटवरून एक फुकटचा कंपायलर उतरवला, त्याचं मागचं अंग कापून टाकलं आणि या चिपला कळेल असं नवं अंग त्याला बसवलं. चार महिने लागले. कंपायलर चालायचा आमच्या टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आणि त्यातून निघालेल्या हुकमांवर चालायची टाकीवरची चिप. स्वयंपाक एका घरात, जेवण दुसऱ्या घरात, आणि जेवणाऱ्याला दात नाहीत हे स्वयंपाक्यानं लक्षात ठेवायचं. बेरीज कशी करायची, वजाबाकी कशी करायची, हे सगळं मी त्या चिपसाठी हातानं लिहिलं होतं. मुंबईपासून माणसं बघायला आली होती. एक तर माझ्या पाया पडला. बरं, पडला नसेल, वाकला होता.

शनिवार गेला, रविवार गेला, सोमवार गेला. उज्ज्वलेनं प्रोग्राम पाचव्यांदा वाचला, सहाव्यांदा वाचला. मंगळवारी दुपारी तिनं वेगळंच काढलं: माझ्या कंपायलरमधून निघालेल्या, चिपच्या भाषेतल्या हुकमांचे लांबलचक कागद. ते घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली.

"काका, एक विचारू? तुम्ही वजाबाकी कशी करता?"

"म्हणजे?"

"म्हणजे कागदावर. शाळेत कशी शिकवली? बेचाळिसातून अठरा घालवा."

मला हसू आलं. "दोनातून आठ जात नाहीत. बारातून आठ गेले चार, हातचा एक. एक नि एक दोन. चारातून दोन गेले दोन. चोवीस."

"थांबा. हातचा खाली मिळवलात? अठरातल्या एकात?"

"मग कुठं मिळवणार?"

"आम्हाला असं नव्हतं. आम्ही वरच्या चारातला एक दशक सुटा करतो. चाराचे राहतात तीन. तिनातून एक गेला दोन. खालच्या आकड्याला हातच लावत नाही."

"उत्तर काय आलं?"

"चोवीस."

"मग झालं तर. तुम्ही शेजाऱ्याकडून उसनं घेता, आम्ही खालच्याच्या पदरात टाकतो. आमच्या वेळी उसनं घ्यायची पद्धत नव्हती."

ती हसली नाही. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून तशीच उभी राहिली. "म्हणून या हुकमांत तसं आहे. आधी खालच्या घरात एक मिळवलाय, मग वजा केलंय." थोडं थांबून म्हणाली, "आणि खालचा आकडा नऊ असला तर?"

"तर दहा होतात."

"एका घरात दहा कसे मावतील?"

मी उठलो. खिडकी उघडीच होती, ती पुन्हा उघडली. "आमचे तिसरीचे बेळंकीकर मास्तर तुला माहीत नाहीत," मी म्हणालो. "ते डाव्या हातानं बेरीज आणि उजव्या हातानं वजाबाकी एकाच वेळी फळ्यावर लिहायचे. एकदा इन्स्पेक्टर आले, तर मास्तरांनी दोन्ही उत्तरं मधोमध आणून असा गुणाकार केला की इन्स्पेक्टरांची टोपी उडाली. खोटं नाही सांगत. टोपी मी उचलून दिली."

तिनं सगळी गोष्ट ऐकून घेतली. मग कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि "बरं काका," म्हणून आपल्या जागेवर गेली.

त्यानंतर मला काय झालं होतं कुणास ठाऊक, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. चार वेळा चहाला गेलो आणि तीन वेळा न पिताच आलो. घरी बायको म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का? बसा की जरा." बसलो, तर मांडी हलायला लागली. बुधवारी पोट बिघडल्याचं सांगून कामावर दांडी मारली आणि बिघडलेलं पोट घेऊन चालत टाकीपर्यंत गेलो. लोंढे मला बघून म्हणाला, "काका, भोंगा उद्या हाय." मी म्हटलं, माहितेय. तसाच परत आलो. वाटेत दोन ओळखीची माणसं भेटली, त्यांना एकही थाप मारली नाही. त्यांनी घरी निरोप पाठवला की काकांची तब्येत बघा.

गुरुवार उजाडला. वसाहतीला गुरुवारची सुट्टी; त्या दिवशी तिकडची वीजच बंद असते. संध्याकाळी सहा चाळीसला आम्ही चौघं टाकीवरच्या खोलीत जमलो: साहेब, उज्ज्वला, लोंढे आणि मी. मुख्याधिकाऱ्यांचा हुकूम होता की आज यंत्राला भोंगा वाजवू द्यायचा नाही. म्हणून लोंढ्यानं भोंग्याची तार यंत्रातून सोडवली होती आणि तिच्या जागी एक लाल दिवा जोडला होता. यंत्र हुकूम देईल तेव्हा नुसता दिवा पेटणार. गावासाठी सातचा खरा भोंगा लोंढे स्वतः बटण दाबून वाजवणार. त्यानं त्यासाठी नवा सदरा घातला होता.

उज्ज्वला भिंतीला टेकून उभी होती. पर्स पोटाशी धरलेली.

"साहेब," मी म्हणालो, "दिवा पेटायच्या आधी एक सांगायचंय. चूक तिच्या प्रोग्राममध्ये नाही. माझ्या कंपायलरमध्ये आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसले. लोंढेही हसला.

"काका, काका! पोरगी अडचणीत आली की तुम्ही थाप मारणार हे मला ठाऊकच होतं. गेल्या वर्षी त्या पाटील शिपायाला वाचवायला काय सांगितलंत? माकडानं फ्यूज नेला!"

"ते माकड..." मी बोलता बोलता थांबलो. "ती थाप होती. ही नाही. पाचशे दोनातून एकशे अठ्ठ्याण्णव वजा करा."

"आँ?"

"करा की. हातावर लिहा."

साहेब माझ्याच पिढीचे. त्यांनी पेन काढून तळहातावर मांडणी केली आणि नकळत शाळेच्या सुरात म्हणायला लागले, "दोनातून आठ जात नाहीत. बारातून आठ गेले चार, हातचा एक. नऊ नि एक दहा. शून्यातून दहा जात नाहीत, दहातून दहा गेले शून्य, हातचा एक. एक नि एक दोन, पाचातून दोन गेले तीन. तीनशे चार."

"आता माझी चिप कशी करते बघा. नऊ नि एक दहा. पण तिच्या घरात दहा मावत नाहीत. घरात राहिलं शून्य, आणि पुढं न्यायचा एक मी तिला सांगायलाच विसरलो. शून्यातून शून्य गेलं शून्य. पाचातून एक गेला चार. चारशे चार. शंभराची थाप."

साहेब तळहाताकडे बघत राहिले.

"तिच्या एका घरात दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतात, म्हणजे तिच्यासाठी नऊ म्हणजे दोनशे पंचावन्न," मी पुढं म्हणालो. "सोमवारी आठवडा सुरू झाला की ती सेकंद मोजायला लागते आणि तो आकडा तीन घरांत मांडते. मागचा भोंगा कधी वाजला ते आत्ताच्या सेकंदांतून वजा करते. मधल्या घरात दोनशे पंचावन्न असताना भोंगा वाजलाय, असं आठवड्यात एकदाच होतं, गुरुवारी संध्याकाळी सातला. मग सात वाजून एक मिनिट वीस सेकंदांनी हातचा पडतो, हरवतो, आणि चिपला वाटतं मागच्या भोंग्याला अठरा तास होऊन गेले. दोन भोंग्यांत बारा तासांहून जास्त कधीच जात नाहीत, म्हणून मधला एक राहून गेला असं समजून ती बिचारी घाबरून वाजवते. आणि आपल्या टेबलावर हे कधी दिसलं नाही, कारण गुरुवारी आपल्याकडे वीज नसते. आपल्या टेबलावर गुरुवारचे सात कधी वाजलेच नाहीत."

"गोष्ट चांगली आहे," साहेब म्हणाले. आवाजातलं हसू जरा कमी झालं होतं. "पण तुमच्या सगळ्याच गोष्टी चांगल्या असतात, काका. मी विश्वास कशावर ठेवू?"

"सातचा भोंगा आजच्यापुरता सहा अठ्ठावन्नला लावा. तुम्ही म्हणता तसं प्रोग्राम ऐंशी सेकंदांनी परत हाक मारत असेल, तर दुसऱ्यांदा दिवा सहा एकोणसाठ आणि वीस सेकंदांनी पेटेल. तेव्हा पेटला तर तिची चूक. आणि हातचा पडायच्या वेळी, सात एक वीसलाच पेटला तर माझी."

साहेबांनी उज्ज्वलेकडे पाहिलं. ती पुढं आली, यंत्राच्या कळा दाबून वेळ बदलली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

सहा अठ्ठावन्नला दिवा पेटला. दहा सेकंद जळला आणि विझला.

"पयला," लोंढे घड्याळावर बोट ठेवून म्हणाला.

त्या ऐंशी सेकंदांत मी खोलीत सात फेऱ्या मारल्या असतील. खोली तीन पावलांची. साहेब म्हणाले, "काका, उभे राहा एका जागी, चक्कर येतेय मला." उभा राहिलो. लोंढे मोजत होता. "पंधरा. सोळा. सतरा..." आता आयुष्यभर ज्याला त्याला थापा मारल्या म्हणून ही एक गोष्ट तरी सरळ सांगतो. अठराला माझ्या मनात आलं, पेटावा. दिवा आत्ताच पेटावा. चूक तिची निघावी, मी सांगितलेलं सगळं चुकीचं ठरावं आणि माझा कंपायलर धुतल्या तांदळासारखा राहावा. दिव्याकडे बघत मी अक्षरशः त्याला विनवलं.

"इस," लोंढे म्हणाला.

दिवा पेटला नाही.

"एकवीस. बावीस. न्हाई पेटला, साहेब."

उज्ज्वलेनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मी जाऊन यंत्राच्या पेटीवर हात टेकला.

सातला लोंढ्यानं बटण दाबलं. खोलीच्या बरोबर डोक्यावर भोंगा. भिंती, काचा, दात, सगळं हललं. लोंढ्यानं डोळे मिटून घेतले होते आणि तोंडावर असं समाधान होतं की मला त्याच्याकडे बघवेना. भोंगा थांबला. खाली गाव आपापल्या कामाला लागलं. कुणाला काही पत्ता नव्हता.

"सात एक," साहेब आता स्वतःच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. "पाच... दहा... पंधरा..."

वीसला दिवा पेटला. लाल, स्वच्छ, वेळेवर. एवढं बिनचूक काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

 मग साहेबांनी तळहात रुमालाला पुसला. "मगदूम, उद्या येऊन पत्र घेऊन जा. आणि गेल्या शुक्रवारी मी जे बोललो, ते..." त्यांना पुढचं जमेना. "ते बोललो, चुकलं." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं काय करायचं ते मला सुचत नाहीये, काका. मुख्याधिकाऱ्यांना नाव मात्र तुमचं जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणालो.

साहेब जिना उतरून गेले. लोंढे शिडीवर चढून भोंग्याच्या मोटरीशी काहीतरी करत बसला. मी आणि ती राहिलो.

"कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

'काल' हा शब्द तयार होता. जिभेच्या टोकावर होता. बुधवारी विचार करत होतो, एकदम लख्ख प्रकाश पडला, बायको साक्षीला आहे, इथपर्यंत सगळं रचलेलं होतं.

"मंगळवारी," मी म्हणालो. "तू नऊ म्हणालीस तेव्हाच."

"हं. मलाही."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"मलाही तेव्हाच कळलं. म्हणून तर विचारलं. तुम्ही टोपीची गोष्ट सांगायला लागलात, तेव्हा खात्री पटली." तिनं पर्स उघडून घडी घातलेला कागद दाखवला. मंगळवारचाच. खाली तिच्या बारीक अक्षरात गुरुवार, सात, एक, वीस, सगळं मांडलेलं होतं, माझ्यापेक्षा नेटकं. "आज तुम्ही बोलला नसता, तर दिवा पेटायच्या आधी मी हा साहेबांच्या हातात देणार होते."

"मग मंगळवारीच का नाही दिलास? पोरी, तुझी नोकरी चालली होती!"

"दिला असता. पण कंपायलर तुमचा आणि माझा सहावा महिना. तुम्ही एक गोष्ट सांगितली असती की झालं, सगळे हसले असते." तिनं कागद परत आत ठेवला. "आणि दुसरं असं, काका, हे मागचं अंग कसं बसवतात ते मला तुमच्याकडून शिकायचंय. ज्याच्याकडून शिकायचं तो माणूस कसा आहे, ते आधी बघायला नको?"

"बघितलंस?"

"बघितलं. दोन दिवस उशिरा आला."

 ती खुर्ची ओढून यंत्रासमोर बसली, पेटीचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

"वजाबाकी उद्या मी लिहिते," ती म्हणाली. "माझ्या पद्धतीनं. तुम्ही तपासायची."

"तपासतो."

"नऊच्या सगळ्या."

"नऊच्या सगळ्या. आणि तुझ्या पद्धतीत शून्याच्याही. वर शेजारीच शून्य असला की तुम्ही त्याच्याकडून काय उसनं घेणार?"

ती वळली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. "त्याही," म्हणाली.

शिडीवरून लोंढ्याची हाक आली. भोंग्याची सुटलेली तार त्याच्या हातात लोंबत होती. "ओ काका, जोडू का परत यंत्राला? का ऱ्हाऊ दे मी हाय तवर?"

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "बाईंना विचार."